वकीलबाईंना विचारा: गिऱ्हाईक कुठे गेलं?

प्रश्न: वकीलबाई, माझा भाचा मेरीलँडला असतो. ‘इकडे कायद्यापुढे सगळे सारखे, मामा,’ असं दर फोनला ऐकवतो. पण वॉशिंग्टनच्या ‘डीसी मॅडम’ प्रकरणात बाई दोषी ठरली नि बडी गिऱ्हाइकं मोकळी राहिली, असं वाचलं. हे कायद्यात बसतं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर: बसतं हो, तेच तर दुखणं आहे. ‘डीसी मॅडम’ म्हणजे वॉशिंग्टनमध्ये वेश्याव्यवसायाचा धंदा चालवणाऱ्या डेबोरा पॅल्फ्री. त्यांच्यावर कलमं लागली ती संघटित गुन्हेगारीची, बेकायदा धंद्यासाठी टपाल वापरल्याची, काळा पैसा पांढरा केल्याची. ही केंद्रीय कलमं धंदा चालवणाऱ्याच्या मानेवर बसतात. गिऱ्हाइकाचा गुन्हा स्थानिक, किरकोळ, आणि मुदत टळली की संपला. सिनेटर डेव्हिड व्हिटर यांचा नंबर तिच्या फोनबिलांत सापडला. फोन १९९९ ते २००१ मधले, बोभाटा २००७ मध्ये. कुटुंबमूल्यांवर बोलणाऱ्या या गृहस्थांनी गंभीर पाप घडल्याचं कबूल केलं, देवाने आणि बायकोने माफ केल्याचंही सांगितलं. २०१० मध्ये पुन्हा निवडून आले.

मला मात्र रँडल टोबायस जास्त टोचतात. अमेरिकेचा एड्सनिधी हवा असेल तर वेश्याव्यवसायाच्या विरोधाची शपथ लिहून द्या, ही अट राबवणाऱ्या खात्याचे ते प्रमुख होते. तुमच्या शेजारच्या सांगलीत ‘संग्राम’ संस्थेने ती लिहून द्यायला नकार दिला आणि २००५ मध्ये अमेरिकेचे पैसे सोडले. त्यांचं काम वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबरच चालतं, त्यांच्याविरुद्ध सही कशी करणार? आणि एप्रिल २००७ मध्ये टोबायस यांनी राजीनामा दिला, कारण पॅल्फ्रीच्या यादीत तेही निघाले. फक्त मालिश करून घेतली, असं त्यांचं म्हणणं. असेल बापडं.

खटल्यात साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या त्या तिच्याकडे काम केलेल्या बायका. त्यांना नको नको ते सगळं भर कोर्टात सांगावं लागलं. मी जिल्हा कोर्टात हेच पाहत आले. व्हॅनमधून तोंडावर ओढणी घेतलेल्या बायका उतरायच्या, आणि ‘गिऱ्हाईक’ म्हणून साक्षीला यायचा तो पोलिसांनीच पाठवलेला पंटर. खरं गिऱ्हाईक पंचनाम्यातसुद्धा नसायचं.

पॅल्फ्री १५ एप्रिल २००८ ला दोषी ठरल्या. शिक्षा सुनावण्याआधीच, १ मे रोजी त्यांनी आत्महत्या केली. व्हिटर यांना बचाव पक्षाचं समन्स गेलं होतं, पण त्या पक्षाने एकही साक्षीदार उभा केला नाही, त्यामुळे त्यांना पिंजऱ्यात यावंच लागलं नाही. भाच्याचा पुढचा फोन आला की एवढं त्याच्या कानावर घाला.