ग्रीन डे, ब्लिंक-१८२ आवडणाऱ्याने डिसेंडंट्सचा ‘मायलो गोज टू कॉलेज’ का ऐकावा?

तुम्हाला ग्रीन डे, ब्लिंक-१८२ हे पंक (वेगवान, खरखरीत रॉक) बँड आवडतात. तुम्ही लिहिलंय की सगळे डिसेंडंट्स या कॅलिफोर्नियाच्या पंक बँडच्या या १९८२च्या अल्बमचं नाव घेतात, पण तुम्हाला तो नुसता कच्चा आणि घाईघाईत वाजवलेला वाटला. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. गिटारवरचा कान काढून बेसवर (खालचे, जाड सूर वाजवणाऱ्या गिटारवर) नेला, तेव्हा कुठे तो उलगडला.

पहिलंच गाणं, ‘मायएज’, बँडचा बेसवादक टोनी लोम्बार्डो याच्या बेसवर उभं आहे. गिटार खरखरत पुढे धावते आणि चाल बेस सांभाळतो. त्या काळात लॉस एंजेलिसच्या किनारपट्टीवर ब्लॅक फ्लॅगसारख्या बँडचं हार्डकोर, म्हणजे पंकचा आणखी आक्रमक प्रकार, जोरात होतं. वेग आणि संताप भरपूर, सूर बेताचाच. डिसेंडंट्स त्याच परिसरातले. त्यांनी वेग तसाच ठेवला आणि त्यावर गुणगुणता येईल अशी चाल बसवली. पंधरा गाणी, जेमतेम बावीस मिनिटं.

सुरेल पंक त्यांच्या आधीही होतं. न्यूयॉर्कचा रामोन्स हा बँड होता, मँचेस्टरचा बझकॉक्स होता. पण हार्डकोरच्या वेगात एका चष्मिस मुलाचं प्रेमभंगाचं, आईवडिलांवरच्या रागाचं दुःख इतकं उघडं मांडणं माझ्या मते इथून रुजलं. तुमच्या आवडत्या बँडची निम्मी भाषा इथली आहे. अल्बमचं नावही खरंच आहे: गायक मायलो ऑकरमन जीवशास्त्र शिकायला निघाला होता. पुढे त्याने त्यात पीएचडी केली.

‘सबर्बन होम’ (उपनगरातलं घर) हे गाणं लोक टोमणा म्हणून ऐकतात. ते लिहिणारा लोम्बार्डो पोस्टात नोकरी करायचा, बाकीच्यांपेक्षा वयाने बराच मोठा होता, आणि त्याला खरोखर तसं साधं घर हवं होतं. हे कळल्यावर गाणं पुन्हा ऐकलं आणि गळा दाटून आला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ‘आय अ‍ॅम नॉट अ लूझर’मध्ये समलैंगिकांना उद्देशून शिवी आहे. पोरवयात लिहिलंय म्हणून मी ती माफ करत नाही. ते गाणं मी आता वगळतो.

सुरुवात ‘होप’ आणि ‘बाइकेज’पासून करा. मग हेडफोन लावून अख्खा अल्बम एका बैठकीत ऐका, आणि लगेच दुसऱ्यांदा लावून फक्त बेसच्या मागे जा.