सान्याला (चीन) आईवडिलांसोबत चार दिवस आहेत. कोणते बीच करावेत? 'तिआन्या हायजिआओ' म्हणजे नुसते दगड आहेत म्हणे, वगळलं तर चालेल का?

"नुसते दगड आहेत म्हणे" हे तुम्हाला कुणी सांगितलं? आमच्या दादाने तर नाही? कारण हे वाक्य त्याचं आहे. 2018 च्या डिसेंबरपासून आमच्याकडे लग्न असो, बारसं असो की गणपती, जेवणं आटपून सगळे ओटीवर टेकले की तो सुरू होतो, "ह्याने आम्हाला चीनला नेऊन तिकीट काढून दगड दाखवले." सगळे हसतात. माझी बायकोही हसते. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

मी तेव्हा ग्वांगझोउजवळ फोशानला होतो, टाइल्सच्या धंद्यात. माल कंटेनरमध्ये चढायच्या आधी तपासायचा, एवढंच काम. आई, दादा आणि वहिनी पहिल्यांदाच आले होते. आम्ही श्रीवर्धनचे. नारळ-सुपारीची वाडी, आणि वाडीतच दादाने पर्यटकांसाठी बांधलेल्या चार खोल्या. त्यामुळे पर्यटन या विषयात त्याचा शब्द शेवटचा. समुद्रकाठच्या माणसांना समुद्र दाखवायला नेणं हा शुद्ध वेडेपणा होता, मान्य. पण फोशानच्या थंडीत आई दिवसभर रजईत बसून असायची, आणि सान्या म्हणजे चिन्यांचं हिवाळ्यातलं ऊबदार घर. तिकडे हार्बिनला पारा उणे वीसला गेला की म्हातारे-म्हाताऱ्या उठून इकडे येतात आणि तीन-चार महिने मुक्काम ठोकतात. नकाशात बघा, श्रीवर्धन आणि सान्या दोन्ही 18 अंशांवर. आईला म्हटलं, चल, आपल्याच रेषेवर जाऊ.

ग्वांगझोउहून रेल्वेने गेलो. विमानाने दीड तासाचं काम, पण या रेल्वेची गंमत अशी की ती चक्क बोटीत चढते. सामुद्रधुनीपाशी गाडीचे तुकडे करून बोटीच्या पोटात उभे करतात, आपण बर्थवर आडवेच, आणि पलीकडे हायनान बेटावर पुन्हा जोडून गाडी पुढे. दादाला संपूर्ण सहलीत मनापासून आवडलेली ही एक गोष्ट.

तिसऱ्या दिवशी तिआन्या हायजिआओ. अर्थ, आकाशाची कड आणि समुद्राचा कोपरा. शहरापासून पश्चिमेला वीस-पंचवीस किलोमीटर. गेटवर दादाने तिकिटाचे युआन मनातल्या मनात रुपयांत केले आणि तिथेच उभा राहिला. "हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर ह्याच्यापेक्षा भारी दगड आहेत. फुकट. वर देवदर्शन." मी म्हटलं, अरे, ही चीनची शेवटची कड मानायचे जुने लोक. आणि उगाच शहाणपणा करत पुढे बोलून गेलो की खरं तर बेटाचं दक्षिण टोक हे नव्हे, ते पूर्वेकडे जिनमूच्या भूशिराला आहे. झालं. "म्हणजे दगड, आणि तेही चुकीच्या जागचे." तो म्हणाला, मी आईबरोबर बाहेर थांबतो, तिला एवढं चालवणारही नाही. मी तणतणत आत गेलो. बायको आणि वहिनी मागोमाग.

आत खरंच दगड आहेत. वाळूवर हत्ती बसल्यासारखे ग्रॅनाइटचे गुळगुळीत धोंडे. एकावर 'तिआन्या' कोरलंय, एकावर 'हायजिआओ', आणि एक उभा सुळका, 'नानतिआन यीझू', म्हणजे दक्षिणेच्या आकाशाचा खांब. हा खांब जुन्या दोन युआनच्या नोटेच्या पाठीवर होता. ती नोट त्याच वर्षी मे महिन्यात चलनातून गेलेली. तरी एक आजोबा प्लास्टिकच्या पाकिटातून ती काढून, हात लांब करून, एक डोळा मिटून, नोटेवरचा खांब समोरच्या खांबाशी जुळवत होते. आजी फोटो काढायला. वाऱ्याने नोट वाकायची, आजी खेकसायच्या, आजोबा पुन्हा डोळा मिटायचे. मागे आणखी तिघं आपापल्या नोटा घेऊन उभे. शेजारी एक अख्खं कुटुंब, आजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत, नारळाच्या झाडांच्या एकाच छापाचे शर्ट घालून. सान्यात हे सगळीकडे दिसेल. बॅन्डवाल्यांचा ताफा वाटतो.

आता दादाला जे सांगायचं राहिलं ते. हे बेट हद्दपारीचं होतं. दरबाराची मर्जी गेली की माणसाला इथे धाडायचे. सू दोंगपो हा त्यांचा थोर कवी (दोंगपो पोर्क खाल्लं असेल तर तोच) 1097 साली, साठीला आल्यावर, हायनानला पाठवला गेला. तो सान्याला नव्हे, वायव्येला दानझोउला राहिला. 1100 साली माफी मिळाली आणि परतीच्या वाटेवर, पुढच्याच वर्षी गेला. राजधानीत बसलेल्या माणसाला 'आकाशाची कड' हे शब्द ऐकूनच घाम फुटत असेल. आणि आज त्याच नावाच्या दगडांपुढे पांढऱ्या झग्यातल्या नवऱ्या, झग्याखाली कॅनव्हासचे बूट, नवरा पाण्यात घोट्यापर्यंत, आणि फोटोग्राफर ओरडतोय. जगाच्या टोकापर्यंत साथ देईन, असा आता त्याचा अर्थ. आपल्या काळ्या पाण्याचं काय झालं? अंदमानची हनिमून पॅकेजेस विकतातच की आपण. हे सगळं मी वहिनीला सांगत होतो. वहिनीला एवढंच हवं होतं की मानुषी छिल्लर आदल्या वर्षी मिस वर्ल्ड झाली ते ठिकाण कुठे. (ते सान्यातच, पण इथे नाही.)

दीडेक तासाने बाहेर आलो तर आई रस्त्याकडेच्या प्लास्टिकच्या स्टुलावर, घामाघूम, डोळे मिटलेले. दादा पुठ्ठ्याने वारा घालतोय. माझे पाय गळाले.

झालं होतं असं. तिथे एक बाई टोपलीत हिरव्या सुपाऱ्या घेऊन बसलेली. जन्मभर वाडीत सुपारी वेचलेली आई ती ओळखणार नाही? गेली जवळ. बाईने सुरीने फळाची चार खापं केली, सालासकट. विड्याचं पान घेतलं, चुना लावला, पानाची त्रिकोणी घडी केली आणि दिली आईच्या हातात. आपलाच विडा, फक्त कात नाही. आईने आयुष्यभर सुपारी खाल्ली ती सुकवलेली, सोललेली, अडकित्त्याने कातरलेली. ओली, कोवळी, सालासकट कधीच नाही. एक खाप खाल्ली, बरी वाटली, दुसरी घेतली. लागली. कोकणात सुपारी लागणं म्हणजे काय ते सांगायला नको. कान तापतात, छातीवर दडपण येतं, दरदरून घाम. दादा मराठीत "साखर, साखर" ओरडत होता. बाई आधी हसली, मग तिने शहाळं फोडून आईच्या ओठाला लावलं आणि पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

मी पोचलो तेव्हा आई डोळे उघडत होती. पहिलं वाक्य त्या बाईला, "पान आमच्यापेक्षा जाड आहे गं तुमचं." मग दोघी बोलायला लागल्या. आई मराठीत, बाई तिच्या भाषेत. ती मलाही कळत नव्हती, माझं चिनी कारखान्यातलं. आईने दोन बोटांनी कातरून दाखवलं, आम्ही अशी पातळ करतो. बाईने दात दाखवले, लालभडक. आईने स्वतःचे दाखवले. वीस मिनिटं चाललं होतं हे.

दादा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "झाले दगड बघून?"

तर भांडण दगडांचं नाहीच. त्याच्या गोष्टीत तो आईला वाचवतो आणि मी आत फोटो काढत असतो. हसणाऱ्यांना वाटतं विनोद आहे.

2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळाने आमची वाडी आडवी केली. सुपारीची झाडं काड्यापेटीतल्या काड्यांसारखी पडली होती. मी फोशानहून परत आलेला, विजेविना बसलो होतो, तर आई म्हणते, "त्या बाईकडे पण येत असतील ना रे वादळं?" येतात. पुष्कळ येतात. सुपारीचं नवीन झाड धरायला पाच-सात वर्षं घेतं हे त्या दोघींना सांगायची गरज नव्हती.

हां, तुमचे बीच. सान्या बे शहरालाच लागून आहे, वीसेक किलोमीटर लांब. पाणी काही खास नाही, पण सूर्यास्त इथेच बघा आणि नंतर उत्तरेकडच्या आज्यांचा स्पीकर लावून चाललेला सामुदायिक नाच बघा. आईवडिलांना हेच सगळ्यात आवडेल. दादोंगहाय गर्दीचा, पाट्या रशियन भाषेत, कारण रशियन फार. पोहायचं तर यालोंग बे, वाळू खरोखर पांढरी आणि पाणी शांत. हायतांग बेला मोठी हॉटेलं आणि 2014 साली उघडलेला अवाढव्य ड्युटी-फ्री मॉल आहे, पण लाटा दांडग्या, पाण्यात जाऊ नका. वूझीझोउ बेट सुंदर आहे, पाण्यात तळ दिसतो, पण बोटीची रांग ज्येष्ठांचा जीव काढते. सर्फिंग वगैरे तुम्ही विचारलेलं नाही. लूहुईतोउची टेकडी रात्री शहर बघायला ठीक.

नानशानला मात्र जाच. समुद्रात उभी 108 मीटरची ग्वानयिनची मूर्ती, तीन तोंडांची, 2005 साली पुरी झालेली. ग्वानयिन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी. चीनपर्यंत जाता जाता देवी झाला. आवारात शाकाहारी जेवण मिळतं. एरवी मासे बाजारातून निवडून शेजारी शिजवून घ्यायची पद्धत आहे, तिथे वजन आणि शिजवण्याचे पैसे आधी ठरवा. भाव फुगवल्याची प्रकरणं चीनमध्येच गाजली आहेत. आणि छिंगबूलिआंग खा. नारळाच्या दुधात मूग, बार्ली, कलिंगड आणि बर्फ. आईने दोन वाट्या घेतल्या.

आता जे आधी सांगायला हवं होतं. माझी माहिती 2018 ची आहे, तिकिटं आणि वेळा स्वतः तपासा. हायनानला 59 देशांच्या लोकांना व्हिसा लागत नाही असं कुठेतरी वाचाल, ती यादी निघाली तेव्हा त्यात भारत नव्हता. आपल्याला व्हिसा घेऊनच जावं लागलं. गूगल नकाशा तिथे चालत नाही. आणि सुपारी अजिबात खाऊ नका, ना तिथली ना इथली. तिच्याने तोंडाचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. सुपारीवाल्याच्या घरातला माणूस सांगतोय.

तिआन्या हायजिआओला जा. पण आईवडिलांना गेटवर सोडून जाऊ नका, आत बॅटरीवरच्या गाड्या असतात, दोन पैसे जास्त द्या.

आणि दादा, वाचत असशीलच. दगड हरिहरेश्वरचेच चांगले, लिहून दिलं. पण तिआन्याचा संडास स्वच्छ होता हे तू त्या दिवशी स्वतः म्हणालास, वहिनी साक्षीला आहे.