चांबारा की जिदाईगेकी?

प्रश्न असा : जुन्या जपानी तलवारबाजीच्या चित्रपटांना कुणी 'चांबारा' म्हणतं, कुणी 'जिदाईगेकी'. दोन्ही एकच का? आणि मराठीत सरसकट 'सामुराईपट' म्हटलं तर चालेल का?

एकच नाहीत. 'जिदाई' म्हणजे कालखंड, 'गेकी' म्हणजे नाट्य. जुन्या काळात, बहुतेकदा १६०३ ते १८६८ च्या एदो काळात, घडणारी कोणतीही कथा जिदाईगेकी. त्यात तलवार म्यानाबाहेर आलीच पाहिजे असं नाही. दिग्दर्शक मिझोगुचींचा 'उगेत्सु' (१९५३) जिदाईगेकी आहे, पण त्याला चांबारा कुणी म्हणणार नाही.

'चांबारा' हा मात्र नादानुकारी शब्द, 'चानचान बाराबारा'चं आटोपशीर रूप. चानचान म्हणजे पात्यावर पातं आपटल्याचा खणखणाट, बाराबारा म्हणजे तुकडे होऊन विखुरणं. आपण मारामारीच्या सिनेमाला 'ढिशुम ढिशुमवाला' म्हणतो, त्याच घडणीचा. जपानी मुलं काठ्या घेऊन लुटुपुटूची लढाई खेळतात, तोही चांबाराच.

गंमत अशी की या प्रकारातला एक अतिशय गाजलेला प्रसंग बिनखणखणाटाचा आहे. दिग्दर्शक कुरोसावांच्या 'सांजुरो'च्या (१९६२) शेवटी तोशिरो मिफुने आणि तात्सुया नाकादाई समोरासमोर, हाताच्या अंतरावर उभे राहतात. कितीतरी वेळ कुणी हलत नाही. मग एकच वार, आणि छातीतून रक्ताचं कारंजं. पात्याला पातं भिडतच नाही! तरी हा अस्सल चांबारा, कारण सगळा ताण त्या वारावरच तोललेला आहे.

'सामुराईपट' मला पटत नाही. १९६२ पासून शिंतारो कात्सूने गाजवलेला झातोइची आठवा : आंधळा मालिशवाला, जुगारी, काठीत तलवार लपवलेली. तो सामुराई नाहीच, पण त्याचे चित्रपट मात्र पक्के चांबारा. जिदाईगेकीसाठी आपला जुना 'पोशाखी चित्रपट' छान बसतो. 'ऐतिहासिक' नको, कारण पात्रं बहुधा काल्पनिक असतात. चांबारा तसाच ठेवावा.

लिहिताना 'चान्बारा' नको. जपानीत ब च्या आधीचा न् हा म् होतो, आणि मराठी अनुस्वारही 'आंबा'मध्ये तेच करतो. च मात्र 'चहा'तला, 'चांगला'तला नव्हे.