मुरुमांचे औषध आणि बदललेला स्वभाव

"मुरुमांच्या कॅप्सूल सुरू झाल्यापासून मुलगा गप्प आणि चिडचिडा झाला आहे, हे औषधामुळे असेल का, आणि असेल तर ते बंद करू का?" हा प्रश्न मला पालक अनेकदा विचारतात. ते औषध बहुधा आयसोट्रेटिनॉइन असते. 'अ' जीवनसत्त्वापासून तयार केलेले हे औषध अमेरिकेत 1982 मध्ये मान्य झाले. खोलवर गाठी आणि व्रण पाडणाऱ्या हट्टी मुरुमांवर त्याच्याइतके परिणामकारक औषध क्वचितच आहे. मात्र 1998 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने नैराश्य, भ्रम आणि आत्महत्येचे विचार यांविषयीचा इशारा त्याच्या माहितीपत्रकात घालायला लावला.

अशाच एका मुलाची गोष्ट, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, इथे सांगते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या या मुलाला त्याची आई घेऊन आली, तेव्हा तो सुमारे दोन महिने रोज 20 मिलिग्रॅमची कॅप्सूल घेत होता. आईचा सगळा रोख औषधावर होता, तर वडिलांच्या मते ही अभ्यास टाळण्याची सबब होती. मी दोघांना बाहेर बसवून मुलाशी एकट्याशी बोलले.

मुरुमांमुळे लाज वाटणे, फोटो टाळणे आणि लग्नकार्याला न जाणे हे त्याच्या बाबतीत दहावीपासूनचेच होते. हे लक्षात ठेवणे फार महत्त्वाचे आहे, कारण तीव्र मुरुमे हेच नैराश्याचे एक कारण असते आणि त्याचे खापर सहज औषधावर फुटू शकते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 16 लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीच्या एकत्रित विश्लेषणातही हे औषध घेणाऱ्यांच्या समूहात आत्महत्येचा किंवा मानसिक आजाराचा धोका वाढल्याचे दिसले नाही. पण समूहाचा हिशेब समोर बसलेल्या एका मुलाला जसाच्या तसा लागू पडत नाही.

म्हणून आम्ही कॅलेंडर समोर ठेवून त्वचा केव्हा कशी होती आणि मन केव्हा कसे होते, याची नोंद केली. पहिल्या महिन्यानंतर गाठी बसू लागल्या होत्या, मित्रही "चेहरा सुधारला रे" असे म्हणत होते. नेमक्या त्याच काळात त्याला पहाटे चारलाच जाग येऊ लागली, क्षुल्लक कारणावरून रडू येऊ लागले आणि मुरुमे ऐन भरात असतानाही न सोडलेले बॅडमिंटन त्याने सोडून दिले. एरवी त्वचा सुधारली की मनही हळूहळू उभारी धरते. इथे दोघांची दिशा उलटी होती, आणि माझा संशय बळावला तो यामुळे.

"मरून जावे असे मनात येते का?" असे मी त्याला सरळ विचारले. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. तो म्हणाला, "येतं मॅडम, पण काही करायचं ठरवलेलं नाही." त्याच्या संमतीने मी त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी कॅप्सूल थांबवली (हे औषध टप्प्याटप्प्याने कमी करत आणावे लागत नाही) आणि मुलाला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. तोवर त्याला एकटे ठेवू नये असे मी घरच्यांना सांगितले आणि 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही त्याला दिला.

पुढच्या काही आठवड्यांत झोप आणि चिडचिड दोन्ही सुधारली. हा परिणाम औषधाचाच होता असे सिद्ध करता येत नाही, कारण मधल्या काळात उपचार आणि समुपदेशनही सुरू झाले होते. शिवाय मावशीला नैराश्यासाठी उपचार घ्यावे लागले होते, हे तोवर कुणीही डॉक्टरांना सांगितले नव्हते. आपल्या घरांत मधुमेहाचा इतिहास न विचारता सांगतात आणि मनाचा विचारूनही लपवतात, याचा मला मनापासून राग येतो.

औषध पुन्हा घेता येईल का, असे मुलाने नंतर विचारले. पुन्हा सुरू केल्यावर लक्षणे परतल्याचे काही रुग्णांत नोंदले गेले आहे, त्यामुळे तो निर्णय दोन्ही तज्ज्ञांनी मिळून घ्यायचा असतो. पालकांनी परस्पर गोळी लपवू नये. मात्र मरणाचे बोलणे, भास किंवा एकाएकी वागण्यात मोठा बदल दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि पुढची मात्रा त्यांना विचारल्याशिवाय देऊ नये.

धाकट्या मुलीलाही मुरुमे आहेत, तिला हे औषध चालेल का, असे आईने शेवटच्या भेटीत विचारले. तिच्या डॉक्टरांना मावशीचा आणि भावाचा इतिहास आधी सांगा, असे मी म्हटले. आणखी एक गोष्टही संकोच न करता सांगितली: या औषधाने गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात, म्हणून उपचारांच्या काळात आणि त्यानंतर एक महिना गर्भधारणा होता कामा नये, आणि लग्न झालेले नाही म्हणून हा विषय डॉक्टरांसमोर टाळू नये.