टाळी कुठे पडते? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागील अंकात या सदरात डॉनी हॅथवे या अमेरिकन सोल गायकाच्या १९७२ साली आलेल्या 'लाइव्ह' या अल्बमविषयी लिहिले होते आणि ज्यांनी तो ऐकला असेल त्यांनी आपले मत कळवावे, अशी विनंती केली होती. पत्रे अपेक्षेपेक्षा बरीच आली. त्यांत मनापासून केलेले कौतुक आहे आणि तितक्याच मनापासून केलेली तक्रारही आहे. ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांची काही पत्रे येथे घेतली आहेत. ज्यांच्या हाती मागील अंक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, या अल्बमची पहिली बाजू ऑगस्ट १९७१ मध्ये हॉलिवूडच्या ट्रूबडूर या क्लबात आणि दुसरी बाजू त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या बिटर एंड या क्लबात ध्वनिमुद्रित झाली. गाणी एकूण आठ आहेत.

प्रश्न : मी चाळीस वर्षे शास्त्रीय संगीताच्या मैफली ऐकत आलो आहे. भाच्याच्या आग्रहावरून हा अल्बम दोनदा ऐकला. गायकाचा आवाज उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. परंतु श्रोते सतत ओरडतात, गायकाच्या ओळीवर आपली ओळ चढवतात आणि एका गाण्यात तर धृपद तेच म्हणतात. अशा गोंगाटातील ध्वनिमुद्रणाला इतकी प्रतिष्ठा का मिळावी? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : तुमची तक्रार मला पूर्णपणे समजते, कारण पहिल्यांदा हा अल्बम ऐकताना माझेही लक्ष गायकापेक्षा त्या आरोळ्यांकडेच जात होते. तरीही ज्याला तुम्ही गोंगाट म्हणता तो या अल्बममधून काढून टाकला तर जे उरेल ते निम्मेच असेल, असे माझे आज ठाम मत आहे.

हॅथवे क्लबात गात असला तरी त्याचे गाणे घडले ते चर्चमध्ये. तो लहानाचा मोठा झाला सेंट लुइस शहरात, गॉस्पेल म्हणजे चर्चमधील भक्तिगीते गाणाऱ्या आजीच्या हाताखाली, आणि वयाच्या तिसऱ्या वर्षापासून तो तिच्याबरोबर चर्चमध्ये गात असे. कृष्णवर्णीय अमेरिकन चर्चमध्ये गाणारा एक ओळ टाकतो आणि समोरचा समुदाय ती उचलतो किंवा तिला उत्तर देतो. तेथे गप्प बसणे म्हणजे गाणे आपल्यापर्यंत पोहोचले नाही असे सांगणे होय. सोल संगीताने चर्चमधील शब्द बदलले आणि देवाच्या जागी प्रियकर, मित्र, वस्ती यांना आणले, पण गाणारा आणि ऐकणारा यांच्यातील ही देवाणघेवाण जशीच्या तशी ठेवली.

आपल्या मैफलीतील दाद निराळी असते. गायक समेवर आला की 'वा' येते आणि ती देणारा जाणकार असावा अशी अपेक्षा असते. या अल्बमची तुलना मैफलीशी केली तर तो बेशिस्त वाटणारच. कीर्तनाशी करून पाहा. बुवा चरण म्हणतात आणि मागचे टाळकरी धृपद धरतात. त्यांनी धृपद धरले नाही तर बुवांना पुढे जाता येत नाही, आणि त्यांच्या आवाजाने बुवांच्या गाण्यात व्यत्यय आला, असे कोणीही म्हणत नाही.

गेल्या पावसाळ्यात पाचपाखाडीतील माझ्या घरी आठजण हा अल्बम ऐकायला बसलो होतो. त्यांत शेजारच्या एक काकू होत्या. त्या भजनी मंडळात जातात आणि सोल हा शब्दही त्यांनी त्या दिवशी प्रथमच ऐकला होता. 'द घेटो' हे बारा मिनिटांचे गाणे सुरू झाले तेव्हा त्यांनी सवयीने गुडघ्यावर टाळी धरली. ती टाळी आपल्या सवयीप्रमाणे पहिल्या मात्रेवर, समेवर पडत होती, आणि ध्वनिमुद्रणातील श्रोत्यांची टाळी पडत होती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. काही वेळ दोन्ही टाळ्या एकमेकींच्या फटीत पडत राहिल्या. काकूंनी हात थांबवला, मान किंचित कलती करून ऐकले, आणि मग तळहात उचलून नेमका दुसऱ्या मात्रेवर आणला. त्यानंतर शेवटपर्यंत त्यांची टाळी चुकली नाही. गाणे संपल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "हे लोक ऐकायला आलेले नाहीत, म्हणायला आलेले आहेत." त्या अल्बमवर मी पाच पाने लिहिली होती. काकूंच्या एका वाक्यात त्याहून अधिक होते.

ज्या गाण्यात धृपद श्रोतेच म्हणतात असे तुम्ही लिहिले आहे, ते 'यूव्ह गॉट अ फ्रेंड' हे होय. ते पुन्हा ऐकाल तेव्हा फक्त आरंभाकडे लक्ष द्या. हॅथवे इलेक्ट्रिक पियानोवर सुरुवात करतो आणि हे कोणते गाणे आहे याची ओळख पटताच समोरून एकदम आरोळी उठते. धृपद आल्यावर तो ते जवळजवळ श्रोत्यांच्याच स्वाधीन करतो, आणि ते लोक ते सुरात म्हणतात. एका क्लबात त्या रात्री जमलेल्या अनोळखी माणसांचा तो आवाज आहे. मला त्यात गोंगाट ऐकू येत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत दर महिन्याला एक अल्बम एकत्र ऐकण्याचा परिपाठ आहे. या अल्बमच्या शेवटच्या, साडेतेरा मिनिटांहून मोठ्या गाण्यावरून आमच्यात दोन तट पडले. काहींच्या मते तो निव्वळ पसारा आहे, तर काहींच्या मते संपूर्ण अल्बमचा कळस तोच आहे. तुमचा कौल कोणाला? (नेरूळ, नवी मुंबई)

उत्तर : माझा कौल दुसऱ्या तटाला आहे, मात्र पहिल्या तटाचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. 'व्हॉइसेस इनसाइड' या गाण्यात शब्द फारच थोडे आहेत. हॅथवे वादकांना एकेक करून पुढे येऊ देतो, आणि गाणे म्हणून ते ऐकणाऱ्याला मधली काही मिनिटे रिकामी वाटणे स्वाभाविक आहे. गिटारच्या एकल वादनांच्या वेळी माझेही मन एक-दोनदा भरकटते, हे मान्य करतो.

परंतु त्यानंतर बेस गिटारवादक विली वीक्स याची पाळी येते, आणि त्या काही मिनिटांसाठी जगभरातील बेसवादक आजही हा अल्बम उघडतात. तुमच्या मंडळींना एक सुचवतो. आपल्याकडे तबल्याचे स्वतंत्र वादन ऐकताना लेहरा, म्हणजे मागे सतत फिरत राहणारी तीच एक धून, जसा ऐकतो, तसा येथे ड्रम आणि काँगा (हाताने वाजवायचा उभा ढोल) यांचा ठेका ऐकावा. तो स्थिर राहतो म्हणूनच वीक्सला मोकळे सोडता येते. तो घाईने काहीच करीत नाही. आरंभी मोजके, खालचे स्वर घेतो आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवतो. मग तीच आकृती थोडी बदलून पुन्हा मांडतो, वरच्या स्वरांकडे सरकतो, आणि प्रत्येक पायरीवर समोरून हाका येत जातात. त्या हाकांनी त्याचे वादन वाढते आणि वादन वाढले की हाका वाढतात. येथे बढत, म्हणजे आपल्या गायकीतील पायरीपायरीने होणारा विस्तार, आहे, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या बैठकीत अवश्य सांगा. हा ठेका धरून बसलेला ड्रमवादक फ्रेड व्हाइट तेव्हा अवघा १६ वर्षांचा होता. पुढे तो 'अर्थ, विंड अँड फायर' या गाजलेल्या वाद्यवृंदात गेला. त्या वयाच्या मुलाने साडेतेरा मिनिटे आपल्याकडे लक्ष वेधून न घेता दुसऱ्याच्या वादनाखाली जमीन धरून ठेवावी, याचे मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटते.

प्रश्न : या अल्बममधील तीन गाणी दुसऱ्या कलावंतांची आहेत. मूळ गाणी उपलब्ध असताना हॅथवेची ऐकण्याचे कारण काय? (कळवा)

उत्तर : 'व्हॉट्स गोइंग ऑन' मार्विन गे याचे, 'यूव्ह गॉट अ फ्रेंड' कॅरोल किंग हिचे आणि 'जेलस गाय' जॉन लेनन याचे. ही तिन्ही गाणी १९७१ सालातलीच आहेत. लेननचा अल्बम अमेरिकेत सप्टेंबरमध्ये आला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस हॅथवे ते गाणे मंचावर गात होता. त्यामुळे येथे जुन्या, सिद्ध झालेल्या गाण्यांचा आधार घेतला आहे असे म्हणता येणार नाही. ऐन ताजी गाणी त्याने उचलली आणि त्या गाण्यांत आपले काय आहे ते शोधले. एकच बंदिश दोन घराण्यांचे गवई गातात तेव्हा आपण मूळ कोणाची हे विचारून थांबत नाही, त्यांनी तिचे काय केले ते ऐकतो.

'व्हॉट्स गोइंग ऑन'मध्ये हा फरक फार स्पष्ट आहे. मार्विन गे याच्या मूळ ध्वनिमुद्रणात त्याचेच आवाज एकावर एक रचलेले आहेत, तंतुवाद्ये आहेत, आणि आरंभी लोकांच्या गप्पा ऐकू येतात. त्या गप्पांसाठी मित्रांना मुद्दाम स्टुडिओत बोलावले होते. हॅथवेजवळ एक लहानसा वाद्यमेळ, आपला एक आवाज आणि इलेक्ट्रिक पियानो एवढेच आहे. माणसांची चाहूल मात्र त्याला वेगळी भरावी लागली नाही. मूळ गाणे श्रेष्ठ आहे असे तुम्ही म्हणालात तर मी वाद घालणार नाही. 'जेलस गाय'बाबत मात्र मी हॅथवेच्याच बाजूने उभा राहीन.

प्रश्न : मी ठाणे-वाशी लोकलने रोज प्रवास करतो आणि फोनवरच ऐकतो. वीक्सच्या ज्या वादनाची इतकी स्तुती वाचली ते मला नीट ऐकूच येत नाही. (ऐरोली)

उत्तर : दोष तुमच्या कानाचा नाही. बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, आणि फोनच्या इवल्याशा स्पीकरला इतका खालचा स्वर काढता येत नाही. आपल्याला त्या स्वराचे वरचे अंश तेवढे ऐकू येतात आणि उरलेला स्वर मेंदू स्वतः भरून घेतो, म्हणून बेस असल्याचा भास होतो, वजन मिळत नाही. कानात घट्ट बसणारे इअरफोन घेतल्यास पुष्कळ फरक पडेल, पण गाडीची घरघर नेमकी त्याच खालच्या पट्टीत असते. हे एक गाणे घरी, रात्री ऐकावे. गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी सोय त्या वेळी बंद ठेवावी, कारण दोन बाजू दोन निरनिराळ्या जागांच्या आहेत आणि प्रमुख गिटारवादकही वेगळे आहेत. ट्रूबडूरमध्ये फिल अपचर्च आहे, तर बिटर एंडमध्ये कॉर्नेल डुप्री.

प्रश्न : हा अल्बम आवडला. याच जातीचे आणखी काय ऐकावे? (वाशी)

उत्तर : सॅम कुकने जानेवारी १९६३ मध्ये मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबात केलेल्या कार्यक्रमाचा अल्बम प्रथम ऐका. त्याच्या गोड, सौम्य प्रतिमेला हे गाणे फार रांगडे ठरेल म्हणून ते कंपनीने ठेवून दिले आणि ते १९८५ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी बाहेर आले. त्यानंतर जेम्स ब्राऊनचा अपोलो थिएटरमधील अल्बम ऐका. कंपनीचा मालक खर्चास तयार नव्हता, म्हणून ब्राऊनने २४ ऑक्टोबर १९६२ चे ते ध्वनिमुद्रण स्वतःच्या पैशाने करवून घेतले, आणि तो अल्बम देशाच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. अरीथा फ्रँकलिनचा १९७२ चा 'अमेझिंग ग्रेस' तर लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्येच झाला आहे. नौपाड्याच्या वाचकांनीही तो ऐकावा, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : हॅथवेच्या आजाराविषयी आणि मृत्यूविषयी वाचल्यापासून मला हा अल्बम ऐकवत नाही. प्रत्येक ओळीत पुढचे दिसते. इतर श्रोत्यांनाही असे होते का? (खारघर)

उत्तर : होते. तीन पत्रांत असाच सूर आहे. हॅथवेला स्किझोफ्रेनिया होता आणि १३ जानेवारी १९७९ रोजी न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावरून पडून त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. हे कळल्यानंतर दुसऱ्या बाजूवरील 'वुई आर स्टिल फ्रेंड्स'मधील त्याचा आवाज पूर्वीसारखा ऐकू येत नाही, हे मीही अनुभवले आहे, आणि तसे होऊ नये असा सल्ला मी देणार नाही.

मात्र तुम्हाला ऐकवत नसेल तर काही दिवस दुसरी बाजू बाजूला ठेवा आणि पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे, ते श्रोत्यांनी उचललेले गाणे, तेवढेच लावा. ऑगस्ट १९७१ मध्ये ते गाताना हॅथवे २५ वर्षांचा होता. त्याचा सव्विसावा वाढदिवस, १ ऑक्टोबर, या दोन ध्वनिमुद्रणांच्या मधल्या काळात येतो. त्या रात्री ट्रूबडूरमध्ये बसलेल्यांना पुढचे काही ठाऊक नव्हते, त्यालाही नव्हते. धृपद येते, तो गाणे त्यांच्याकडे सोपवतो, आणि ते लोक सुरात त्याला सांगत राहतात की, तुला एक मित्र आहे.