तांब्यावर मच्छरदाणी

प्रश्न : मी पेनने स्थिरचित्रं काढते. तांब्याच्या सावलीच्या बाजूला उभ्या-आडव्या रेघा मारल्या की त्यावर मच्छरदाणी टाकल्यासारखं दिसतं. आणखी गडद करायला गेलं की शाईचा डाग होतो. काय करू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : रेघा तुम्ही काटकोनात छेदत असणार. मग चौकोनी भोकं पडतात आणि डोळा सावली सोडून भोकंच बघत बसतो. दुसरा थर पहिल्याला तीसेक अंशांत तिरका घ्या. कोन फारच निमुळता केलात तर मात्र लहरी उठतील. पहिल्या थराच्या रेघा तांब्याच्या पोटाबरोबर वळवा. गळ्याशी आकार आत वळतो, तिथे रेघेनंही वळायला हवं.

डागाचं कारण घाई. ओल्या रेघेवर रेघ आली की छेदावर शाई साचते. पहिला थर वाळू द्या. पुढचा प्रत्येक थर आधीच्यापेक्षा कमी जागेत टाका आणि रेघांमधला कागद बुजवू नका.

मी एचिंग करतो, म्हणजे मेणाचा थर दिलेल्या धातूच्या पत्र्यावर रेघा ओढायच्या, त्या आम्लात खाऊ द्यायच्या, मग शाई भरून, वरची पुसून छापायचं. तिथे ही चूक फार महागात पडते. रेघा खूप दाट छेदल्या की मधले मेणाचे कण आम्लात उखडतात आणि तेवढा पत्रा सपाट खड्ड्यासारखा खाल्ला जातो. पत्रा पुसताना सपाट खड्ड्यातली शाई निघून जाते, म्हणून जिथे सगळ्यात काळं हवं तिथेच करडं छापलं जातं! उपाय एकच : पहिल्या रेघा आम्लात खाऊ द्यायच्या, पत्रा धुऊन वाळवायचा, मग दुसऱ्या ओढायच्या. लाकडी ठशात तर याहून वैताग. तिथे काळी रेघ उंच ठेवून मधला प्रत्येक पांढरा तुकडा कोरून काढावा लागतो. जर्मन चित्रकार ड्यूररची १४९८ची ‘अपोकॅलिप्स’ ही लाकडी ठशांची मालिका बघताना याची आठवण ठेवा.

तुमच्यासाठी मात्र मी मोरांदी सुचवेन. हा इटालियन चित्रकार १९३० ते १९५६ बोलोन्याच्या कला अकादमीत एचिंग शिकवत होता. त्याच्या बाटल्यांना बाह्यरेषा बहुतेक नसतेच; एका दाटीच्या रेघा संपून दुसऱ्या दाटीच्या सुरू होतात, तिथे बाटलीची कड दिसते. तसाच एक तांब्या काढून बघा, बाह्यरेषा अजिबात न आखता. ०.१चं, म्हणजे अगदी बारीक टोकाचं पेन पुरे. आणि तांब्या चिंच लावून घासू नका, मळकाच समोर ठेवा. चकाकीची भानगड नंतर.