प्रयोगशाळेतल्या छोट्या लूपमध्ये द्रवरूप सोडियम फिरवायला कोणता पंप घ्यावा?

छोट्या लूपसाठी, म्हणजे नळ्यांच्या बंद परिपथासाठी, विद्युतचुंबकीय पंपच घ्या. सोडियम विजेचा उत्तम वाहक आहे, त्यामुळे नळीतून आडवा विद्युतप्रवाह सोडून त्याला काटकोनात चुंबकीय क्षेत्र दिलं की धातू स्वतःच पुढे ढकलला जातो. फिरणारा शाफ्ट नाही, म्हणून शाफ्टचं सीलही नाही. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा, कारण सीलमधून झिरपलेला गरम सोडियम हवेत पेट घेतो आणि पाण्याशी फार उग्र प्रतिक्रिया देतो. अमेरिकेतल्या ईबीआर-२ अणुभट्टीत दुय्यम सोडियम परिपथावर (प्राथमिक परिपथातली उष्णता पुढे नेणाऱ्या) विद्युतचुंबकीय पंप होता. प्राथमिक परिपथावर (अणुभट्टीच्या गाभ्यातून फिरणाऱ्या) मात्र मुख्य पंप यांत्रिक सेंट्रिफ्यूगल, म्हणजे फिरत्या पात्यांचे, होते.

मर्यादा कार्यक्षमतेची. प्रवाह मोठा असेल तर यांत्रिक पंप वीज बराच कमी खातो. सोडियमऐवजी द्रवरूप शिसे-बिस्मथ मिश्रधातू फिरवायचा असेल, तर त्याची विद्युतरोधकता सोडियमपेक्षा बरीच जास्त, म्हणून तिथे विद्युतचुंबकीय पंप आणखी मागे पडतो.

खरेदीआधी एवढं विचारून घ्या:
- पंपाची नळी आधी तापवायची सोय आहे का? सोडियम सुमारे ९८ अंश सेल्सिअसखाली गोठतो.
- कायमचुंबक असल्यास ते किती तापमानापर्यंत टिकतात?